घरातला प्राणवायू : कोणाला, किती आणि कोणाच्या खर्चाने

मराठीत ‘ऑक्सिजनवर आहे’ हा शब्दप्रयोग आता माणसांइतकाच संस्थांसाठीही वापरला जातो. बंद पडत आलेली सूतगिरणी ऑक्सिजनवर असते, वर्गणीदार आटलेले नियतकालिक ऑक्सिजनवर असते, बहुमत गमावलेले सरकारही ऑक्सिजनवर असते. अर्थ एकच : शेवट जवळ आला आहे. या शब्दप्रयोगाची किंमत प्रत्यक्षात श्वासाच्या रुग्णाला मोजावी लागते. ‘मला ऑक्सिजन लावू नका, एवढ्यात नको’ असे म्हणणारी माणसे आपल्या घराघरांत आहेत. त्यातील काहींना तो खरोखर हवा असतो. वेळेवर मिळाला तर त्यांच्या आयुष्याची वर्षे वाढू शकतात. उलट, ज्यांना त्याची गरज नाही अशा अनेकांच्या खाटेशेजारी धास्तीपोटी घेतलेले यंत्र दिवसभर घरघरत असते. दोन्हीकडे नुकसान आहे. घरी घ्यायच्या प्राणवायूचे शास्त्र काय सांगते, तो सवलतीत कुठे मिळतो आणि घरात सुरक्षित कसा वापरायचा, हे या लेखात पाहायचे आहे.

नाव आणि शोध

‘प्राणवायू’ हा शब्द ऑक्सिजनपेक्षा कितीतरी जुना आहे. प्राण, अपान, व्यान, उदान आणि समान या पंचप्राणांमधील तो पहिला. आधुनिक विज्ञान मराठीत लिहू लागलेल्यांनी तो उचलला आणि नव्या वायूला दिला. तिकडे लाव्हाझिएने जे नाव दिले, त्याचा ग्रीक अर्थ ‘आम्ल निर्माण करणारा’. प्रत्येक आम्लात हा वायू असतो, या चुकीच्या समजुतीतून ते नाव आले. मराठी नाव अधिक खरे निघाले.

१ ऑगस्ट १७७४ रोजी इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टलीने पाऱ्याच्या लाल भस्मावर भिंगाने सूर्यकिरण एकवटले आणि निघालेला वायू गोळा केला. त्यात मेणबत्ती लखलखून जळाली. पुढे त्याने या वायूत उंदीर ठेवून पाहिला. नेहमीच्या हवेपेक्षा तो जास्त वेळ जगला. स्वीडनमधील शेलने हा वायू त्याच्याही आधी मिळवला होता, पण त्याचे लेखन उशिरा प्रसिद्ध झाले. प्रीस्टलीने स्वतःही तो हुंगून पाहिला आणि एक शंका नोंदवली : या वायूत मेणबत्ती जशी लवकर संपते, तसे निरोगी माणसाचे आयुष्यही भराभर जळून जाईल की काय? अडीचशे वर्षांपूर्वीच्या या निरीक्षणात लेखाचे दोन्ही विषय आहेत. हा वायू जगवतो आणि जळणेही वाढवतो.

पंधरा तास कुठून आले?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत प्राणवायू मुख्यतः रुग्णालयात आणि अगदी निकराच्या वेळी दिला जाई. घरी, महिनोन् महिने, चालत्याफिरत्या रुग्णाला तो द्यावा हा विचार १९६०च्या दशकात अमेरिकेतील डेन्व्हर येथे थॉमस पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे नेला. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे एक मैल उंचीवर आहे. तिथे विरळ हवेत फुप्फुसाच्या रुग्णांचे हाल अधिक ठळक दिसत.

ठोस पुरावा मिळाला तो दोन चाचण्यांतून. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत सहा केंद्रांतील २०३ रुग्ण होते. एका गटाला फक्त रात्रीचे बारा तास प्राणवायू दिला, दुसऱ्याला शक्यतो अखंड. ‘अखंड’ गटाने प्रत्यक्षात सरासरी १७.७ तास तो घेतला. रात्रीपुरता घेणाऱ्यांतील मृत्यूचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या जवळपास दुप्पट निघाले. १९८१ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत सत्तरीच्या आतले ८७ रुग्ण होते. ४२ जणांना रोज किमान पंधरा तास प्राणवायू दिला, ४५ जणांना दिला नाही. पाच वर्षांत पहिल्या गटातील १९ जण गेले, दुसऱ्यातील ३०.

आज जगभरचे डॉक्टर ‘दिवसाला किमान पंधरा तास’ म्हणतात, त्याचे मूळ या दोन चाचण्यांत आहे. त्या दोन्हींतल्या रुग्णांना सीओपीडी होता, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार, आणि त्यांच्या रक्तातील प्राणवायू खूपच खाली गेलेला होता. इतका खाली न गेलेल्यांचे काय, याचे उत्तर २०१६ साली आले. अमेरिकेत ७३८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, रक्तातील प्राणवायू थोडासाच कमी असलेल्यांना घरच्या प्राणवायूने आयुष्य वाढल्याचे दिसले नाही आणि रुग्णालयाच्या खेपाही कमी झाल्या नाहीत. २०२४ साली स्वीडनमधील चाचणीने आणखी एक गाठ सोडवली : २४ तास घेणाऱ्यांना पंधरा तास घेणाऱ्यांपेक्षा जास्त लाभ झाला नाही. रोज नऊ तास नळीतून मोकळे राहण्याची मुभा रुग्णाला या निष्कर्षाने मिळते. बाजारात जाणे, नातवंडांना शाळेत सोडणे, आंघोळ, देवपूजा हे सगळे त्या नऊ तासांत बसते. अर्थात डॉक्टरांनी चालताना किंवा अखंड घ्यायला सांगितलेला नसेल तर.

कोणाला लागतो

दम लागणे म्हणजे प्राणवायू कमी असणे, असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. दम लागण्याची कारणे अनेक : अशक्त हृदय, रक्तक्षय, लठ्ठपणा, घाबरणे, अरुंद श्वासनलिका. यातील कितीतरी रुग्णांच्या रक्तात प्राणवायू पुरेसा असतो आणि नळी लावून त्यांचा दम जात नाही. उलट, ज्याचा प्राणवायू हळूहळू वर्षानुवर्षे उतरत गेला, त्याला फारसा दम जाणवतोच असे नाही.

म्हणून निर्णय मोजूनच करायचा. धमनीतील रक्त घेऊन केलेली तपासणी, डॉक्टरांच्या बोलण्यात ‘एबीजी’, हा त्याचा पाया. त्यात प्राणवायूचा दाब ५५ मिलिमीटर किंवा त्याखाली असेल, अथवा स्वस्थ बसल्या जागी ऑक्सिमीटर ८८ टक्के किंवा त्याहून कमी दाखवत असेल, तर घरी प्राणवायू द्यावा असा सर्वसाधारण निकष आहे. दाब ५६ ते ५९ असेल तर पायावर सूज, हृदयाच्या उजव्या भागावर ताण किंवा रक्त दाट होणे यांपैकी काही आहे का, हे पाहतात.

ही मोजणी आजार स्थिर असताना करायची असते. ब्रिटनच्या छातीरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूत्रांत किमान तीन आठवड्यांच्या अंतराने दोन एबीजी सांगितले आहेत. आपल्याकडे बहुतेक यंत्रे न्यूमोनिया किंवा दम्याचा झटका येऊन रुग्णालयातून घरी सोडतानाच्या घाईत घेतली जातात. तेव्हा प्राणवायू तात्पुरता लागतही असेल, पण पुढच्या काही आठवड्यांत फुप्फुस सावरते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजले नाही, तर तात्पुरती सोय कायमची होऊन बसते. घरी सोडताना डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न म्हणूनच असा : ‘हे पुन्हा कधी तपासायचे?’

सीओपीडी हा फक्त विडी-सिगारेटवाल्यांचा आजार नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पुण्याच्या संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीविषयी लिहिले, तेव्हा चुलीच्या धुराचा मुद्दा जगापुढे ठळकपणे आला. २०१६ साली भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आहे. त्यातील कितीतरी स्त्रियांनी आयुष्यात एकही विडी ओढलेली नाही. त्यांनी चूल फुंकली आहे. त्यांच्या आजाराला घरात ‘दमा’ म्हणतात आणि तपासणी होतच नाही.

दगडातून गाळलेली हवा

घरी प्राणवायू मिळवण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत : सिलिंडर आणि कॉन्सन्ट्रेटर. सिलिंडरमध्ये भरून आणलेला वायू असतो. कॉन्सन्ट्रेटर घरातल्याच हवेतून तो गाळून काढतो.

या गाळण्याशी दख्खनच्या दगडाचे नाते आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातून बनलेल्या आपल्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत सुंदर स्फटिक सापडतात. विहिरीसाठी सुरुंग लावला की ते बाहेर पडतात. पुणे, नाशिक, जळगाव, औरंगाबाद परिसरातील हे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. सिन्नरचे ‘गारगोटी’ संग्रहालय त्यांच्यासाठीच प्रसिद्ध आहे. यांतील अनेक खनिजे झिओलाइट या कुळातली. स्वीडनच्या क्रॉन्स्टेटने १७५६ साली हे नाव दिले. अर्थ ‘उकळणारा दगड’, कारण तापवला की यातून पाण्याची वाफ निघते. दगडाच्या अंगी रेणूंच्या मापाची सूक्ष्म छिद्रे असल्याची ती खूण.

कॉन्सन्ट्रेटरमध्ये याच कुळातील, पण कारखान्यात बनवलेले झिओलाइटचे मणी असतात. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के प्राणवायू आणि एक टक्क्याच्या आत अरगॉन. हवा दाबून मण्यांच्या नळकांड्यात सोडली की नायट्रोजन मण्यांना चिकटतो आणि प्राणवायू पुढे जातो. काही सेकंदांत मणी भरतात. तेव्हा दाब सोडून नायट्रोजन बाहेर टाकतात आणि तेवढ्या वेळात दुसरे नळकांडे काम करते. यंत्राचा ठरावीक लयीत येणारा ‘फुस्स’ आवाज हाच. अरगॉन प्राणवायूसोबतच राहतो, म्हणून घरचे यंत्र ९५-९६ टक्क्यांच्या वर जात नाही. ९० ते ९६ टक्के शुद्धता उत्तम समजावी. ८२ टक्क्यांच्या आसपास उतरली की चांगली यंत्रे दिवा लावून किंवा आवाज करून सांगतात.

या मण्यांचा शत्रू म्हणजे ओलावा. कोकणातल्या पावसाळ्यात महिनोन् महिने बंद पडून राहिलेले यंत्र दिसायला नवे, पण आतून निकामी असू शकते. २०२१च्या दुसऱ्या लाटेत देशात प्रचंड संख्येने कॉन्सन्ट्रेटर आले. एकट्या पीएम केअर्स निधीतून एक लाख यंत्रांची खरेदी मंजूर झाली होती. लोकांनी, मंडळांनी, कंपन्यांनी घेतलेली वेगळीच. त्यातील जे यंत्र आज कुणी ‘पडूनच आहे, घेऊन जा’ म्हणून देईल, ते शुद्धतामापकाने तपासल्याशिवाय रुग्णाला लावू नये. त्या काळात बाजारात आलेली काही स्वस्त यंत्रे एक लिटरला नव्वद टक्के आणि पाच लिटरला चाळीस टक्के देणारी होती. त्यामुळे विक्रेत्याला ‘किती लिटरचे?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘पूर्ण प्रवाहाला शुद्धता किती?’ हे विचारावे आणि लेखी घ्यावे.

खांद्याला अडकवायची छोटी यंत्रे मिळतात. त्यातील बहुतेक अखंड प्रवाह देत नाहीत. श्वास आत घेताना तेवढी झुळूक सोडतात. त्यावरचा ‘२’ हा आकडा मिनिटाला दोन लिटर नव्हे. झोपेत उथळ श्वास घेणाऱ्याला ती पुरतीलच असे नाही. घेण्याआधी रुग्णाला लावून, चालवून, ऑक्सिमीटर पाहावा.

वायू स्वस्त, पोहोच महाग

मिनिटाला दोन लिटर या दराने पंधरा तास म्हणजे रोज १८०० लिटर, अर्थात १.८ घनमीटर. सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने सिलिंडरमधील वैद्यकीय प्राणवायूसाठी, भरणाऱ्याच्या दारातली कमाल किंमत घनमीटरला २५ रुपये ७१ पैसे ठरवली होती, कर वेगळा. त्या दराने रोजचा वायू सुमारे ४६ रुपयांचा! मग घरी सिलिंडर इतका महाग का पडतो? कारण आपण प्रामुख्याने लोखंडाचे भाडे, टेम्पो, हमाली आणि अनामत यांचे पैसे देतो. घरात येतो तो ‘बी’ प्रकारचा सिलिंडर सुमारे दीड हजार लिटरचा. दोन लिटरने तो साडेबारा तास चालतो, म्हणजे एका दिवसालाही पुरत नाही. मोठा ‘जम्बो’ सात हजार लिटरचा, अठ्ठावन्न तासांचा. पण तो तिसऱ्या मजल्यावर चढवणार कोण?

म्हणून रोजच्या वापराला कॉन्सन्ट्रेटर आणि वीज गेल्यास सिलिंडर, ही जोडी योग्य. कॉन्सन्ट्रेटरचा खर्च विजेच्या बिलात लपलेला असतो. पाच लिटरचे यंत्र ३५० वॅटचे धरले तर पंधरा तासांना सव्वापाच युनिट, महिन्याला सुमारे १५७. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांनंतर दर चढतो. महिन्याला ९० युनिट वापरणारे घर एकदम अडीचशेच्या घरात जाते आणि वाढीव युनिटांपैकी जवळपास सगळी महागड्या टप्प्यात पडतात. मग बिल वाचवण्यासाठी रुग्ण स्वतःच यंत्र बंद करतो. पंधराचे आठ तास होतात आणि औषध निम्मे होते.

ब्रिटनमध्ये यावर उपाय आहे. तिथे रुग्णालयाच्या पथकाने तपासणी करून मागणीपत्रक भरले की ठरवून दिलेली कंपनी यंत्र घरी आणून बसवते, दुरुस्ती करते, आणि यंत्राने खाल्लेल्या विजेचे पैसेही रुग्णाला परत मिळतात. अमेरिकेत वृद्धांच्या मेडिकेअर योजनेत यंत्राचे भाडे ३६ महिने दिले जाते आणि पुढचे २४ महिने पुरवठादाराने ते भाड्याविना चालू ठेवायचे असते. रुग्णाचा वाटा साधारण वीस टक्के. दोन्हीकडे मोजणीचा अहवाल असल्याशिवाय काही मिळत नाही.

आपल्याकडची दारे

आपल्याकडे असे एकच दार नाही. जी आहेत ती अशी.

पहिले, नोकरीशी जोडलेले. केंद्र सरकारचे कर्मचारी व निवृत्तांसाठीच्या आरोग्य योजनेत, म्हणजे सीजीएचएसमध्ये, कॉन्सन्ट्रेटरसाठी तरतूद आहे : तज्ज्ञाची शिफारस, तपासण्यांचे अहवाल, पूर्वपरवानगी, मग ठरलेल्या मर्यादेत रक्कम. माजी सैनिकांच्या ईसीएचएसमध्येही श्वसनयंत्रांची सोय आहे. राज्य कामगार विमा योजनेचा सदस्य असल्यास तिथल्या रुग्णालयात विचारणा करावी. सगळीकडे एक गोष्ट समान : आधी यंत्र घेऊन मग परवानगी मागणाऱ्याचा अर्ज अडकतो. शिफारसपत्रावर आजाराचे नाव, एबीजीचे आकडे व तारीख, मिनिटाला किती लिटर आणि दिवसाला किती तास, हे चारही तपशील असावेत.

दुसरे दार रुग्णालयाचे. आयुष्मान भारत योजना दाखल रुग्णाच्या उपचारांभोवती बांधलेली आहे. घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांपर्यंतचा खर्च तीत धरला जातो. वर्षानुवर्षे घरी चालणारा प्राणवायू तिच्या चौकटीबाहेर राहतो. खासगी विम्यातही तेच : विमा नियामकाच्या प्रमाण यादीत ‘रुग्णालयाबाहेर वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर’ ऐच्छिक बाबींत आहे, म्हणजे पॉलिसीत वेगळा लिहिलेला नसेल तर मिळत नाही. मात्र तपासण्यांसाठी धर्मादाय रुग्णालयांचा उपयोग होतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६च्या योजनेनुसार त्यांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखायच्या आहेत. तिथल्या समाजसेवा विभागात शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन जावे.

तिसरे दार साहाय्यक साधनांचे, आणि ते जवळजवळ बंदच आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत दीर्घकालीन फुप्फुसविकार नाही. वीस पावले चालून थांबणारा माणूस कायद्याच्या नजरेत दिव्यांग ठरत नाही आणि साधनांच्या योजनांपासून दूर राहतो. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठाला एकदा तीन हजार रुपये मिळतात. तेवढ्यात ऑक्सिमीटर येईल, कॉन्सन्ट्रेटर येणार नाही.

चौथे दार सर्वांत जुने, सर्वांत जवळचे : रुग्णोपयोगी साहित्य केंद्र. महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या गावात एखादा न्यास, गणेश मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ किंवा जैन संघ खाटा, वॉकर, चाकाच्या खुर्च्या, सिलिंडर आणि कॉन्सन्ट्रेटर अनामत घेऊन, नाममात्र भाड्याने देतो. आपल्याकडचा ‘सवलतीचा प्राणवायू’ मुख्यतः हाच आहे, आणि तो सरकारी कागदांत कुठेही दिसत नाही. अशा काही केंद्रांच्या नोंदवह्या मी पाहिल्या आहेत. रकाने ठरलेले : नाव, पत्ता, वस्तू, अनामत, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख. शेवटच्या रकान्यासमोर बऱ्याचदा घरच्यांचीच सही असते, रुग्णाची नसते.

या वहीत चार रकाने वाढवावेत, असे सुचवावेसे वाटते : मिनिटाला किती लिटर, दिवसाला किती तास, पुन्हा तपासणीची तारीख आणि यंत्र देताना मोजलेली शुद्धता. बहुतेक यंत्रांवर चाललेल्या तासांचा आकडा दिसतो. यंत्र नेताना आणि आणताना तो लिहिला तर रुग्णाने खरोखर पंधरा तास घेतला का, हेही कळेल. शुद्धतामापक एका तालुक्यात एक असला तरी सगळ्या केंद्रांना पुरेल. दाते यंत्र देतात, पण फिल्टर, नळ्या आणि विजेचे बिल यांसाठी कुणी देणगी देत नाही. त्यासाठी दिलेली देणगी नव्या यंत्रापेक्षा जास्त माणसे जगवील.

कमी नको, जास्तही नको

प्राणवायू हे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत, रक्तातील प्राणवायू कमी झालेल्यांसाठी म्हणून २०१७ साली त्याचा समावेश झाला. औषधाला मात्रा असते. सीओपीडीच्या काही रुग्णांत जादा प्राणवायू दिल्यास रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी डोके जड होणे, गुंगी, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. २०१० साली टास्मानियातील ४०५ रुग्णांवरच्या चाचणीत रुग्णवाहिकेतच सरसकट भरपूर प्राणवायू दिलेल्यांपेक्षा, ८८ ते ९२ टक्के हे लक्ष्य ठेवून मोजून दिलेल्यांत मृत्यू निम्म्याहून कमी झाले. घरातला ऑक्सिमीटर ९१ दाखवतो म्हणून काळजीने प्रवाह दोनाचा चार करणारा मुलगा वडिलांचे भले करत नसतो. लक्ष्य किती, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे आणि यंत्राला चिकटवावे.

ऑक्सिमीटर हे जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांच्या १९७०च्या दशकातील कल्पनेचे फळ. त्यालाही मर्यादा आहेत. बोटे गार असतील किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो. सावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा किंचित जास्त दाखवू शकतो, हे अलीकडे स्पष्ट झाले आहे. एका आकड्यावर धावपळ करू नये. हात गरम करून, मिनिटभर थांबून पुन्हा पाहावे.

यंत्राची देखभाल सोपी आहे. ते भिंतीपासून वीतभर दूर, मोकळ्या हवेत ठेवावे, स्वयंपाकघरात नव्हे. बाहेरचा जाळीचा फिल्टर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून लावावा. बाटलीतले पाणी उकळून गार केलेले किंवा डिस्टिल्ड असावे, रोज बदलावे. वायर थेट भिंतीतल्या प्लगला जोडावी. नळी लांब असेल तर ती भिंतीच्या कडेने न्यावी. वयस्क माणूस नळीत पाय अडकून पडला तर खुब्याचे हाड मोडते. वीज गेली की दीडशे अँपिअर-अवरची चांगली बॅटरी असलेला इन्व्हर्टर तीन तासांच्या आसपास यंत्र चालवेल, त्यापुढे सिलिंडर. सिलिंडरची चावी त्याच्याच गळ्यात बांधलेली असावी आणि तो उघडायला घरातल्या किमान दोघांना यावा.

ज्योत आणि नळी

प्राणवायू स्वतः जळत नाही. जळणाऱ्याला बळ देतो. नळी तासन्‌तास नाकाशी असली की दाढी, केस, उशी, गोधडी, साडीचा पदर यांत तो मुरतो. मग साधी ठिणगी पडली तरी कापड भडकते आणि नळीतून ज्योत चेहऱ्याकडे धावते. प्राणवायूवर असलेल्या रुग्णांच्या भाजण्याचे सर्वांत मोठे कारण धूम्रपान आहे. ज्या घरात विडी-सिगारेट सुटलेली नाही, तिथे डॉक्टरांनी प्राणवायू द्यायला का-कू केली तर तो अन्याय समजू नये. इंग्लंडमध्ये नळीत ज्योत अडवणारा छोटा जोड बसवतात. आपल्याकडेही तो मागून घ्यावा.

आपल्या घरांत आग फक्त विडीची नसते. देवघरातले निरांजन, समई, उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, गॅसची शेगडी, आणि या दिवसांत पणत्या आणि फटाके. नियम एकच : कुठल्याही ज्योतीपासून दहा फूट. देवघर रुग्णाच्या खोलीतच असेल तर तिथे विजेचा दिवा लावावा आणि तुपाचा दिवा बाहेरच्या खोलीत. आरतीचे तबक रुग्णापुढे ओवाळू नये, लांबूनच दाखवावे. भाऊबीजेला किंवा पाडव्याला ओवाळायचेच असेल तर आधी नळी काढून, यंत्र बंद करून, कपडे बदलून, अर्धा तास मोकळ्या हवेत बसावे. डॉक्टरांनी तेवढा वेळ नळीशिवाय राहायची परवानगी दिली असेल तरच. नळी काढून चालू यंत्र गादीवर ठेवणे सर्वांत वाईट : गादी वायू पिऊन बसते.

तेल हा दुसरा धोका. सिलिंडरमधील वायूचा दाब घनसेंटिमीटरचा नव्हे, चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोच्या घरात असतो. खोबरेल लागलेल्या हाताने रेग्युलेटर बसवला, किंवा घट्ट फिरतो म्हणून त्याला तेलाचा थेंब दिला, तर वायू सुटताच स्फोट होऊ शकतो. हात साबणाने धुऊन, कोरडे करून, मगच सिलिंडरला लावावेत आणि झडप सावकाश उघडावी. नाक कोरडे पडते म्हणून व्हॅसलीन किंवा बाम लावू नये. पाण्यावर आधारित मलम मिळते. सॅनिटायझर लावला तर हात पूर्ण सुकू द्यावेत. सिलिंडर उभा, साखळीने भिंतीला बांधलेला असावा. वैद्यकीय प्राणवायूचा सिलिंडर काळा आणि खांद्यावर पांढरा असतो. सबंध काळा असेल तर तो कारखान्यासाठीचा, परत पाठवावा. हे नियम ठरवणारी आणि त्यांवर देखरेख करणारी केंद्रीय संस्था, पेसो, आपल्या नागपुरातच आहे.

एवढे सगळे वाचून यंत्राची भीती वाटू नये. गॅसची टाकी घरात आली तेव्हाही लोक घाबरले होते. आज ती सोळा वर्षांची मुलगी बदलते. प्राणवायूचेही तसेच व्हायला हवे. त्यासाठी आधी मोजावे, मग मागावे आणि मिळाल्यावर ठरलेले तास तो घ्यावा. आपल्या गल्लीतल्या साहित्य केंद्रात एकदा जाऊन यावे : यंत्रे किती, चालू किती, शुद्धता कोण तपासते, एवढे विचारावे. पुढच्या रुग्णाला त्याचा उपयोग होईल.